एका टँकरात किती वीज?

१०,००० लिटर पाणी. १०० मीटर उंची. १.६ युनिट वीज.

पाण्याचा टँकर म्हणजे काय, हे वसईतल्या गोखिवऱ्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोसायटीच्या फाटकाशी तो उभा राहतो, जाड पाईप टाकीत उतरतो आणि तेवढ्यात मागे अडकलेल्या रिक्षा हॉर्न वाजवू लागतात. असा दहा हजार लिटरचा एक टँकर तुंगारेश्वराच्या उतारावर शंभर मीटर उंच नेऊन ठेवला, त्यातलं पाणी पाईपाने खाली आणून टर्बाइनवर सोडलं, तर हाती येणारी वीज १.६ युनिट. ७५ वॉटचा छताचा पंखा तेवढ्यावर २१-२२ तास फिरेल. युनिटचा दर दहा रुपये धरला तर टँकरभर पाण्यातल्या विजेची किंमत सोळा रुपये होते. त्याच टँकरातल्या पाण्याची किंमत मात्र उन्हाळ्यात हजारांत बोलली जाते.

सोळा रुपये आणि हजार रुपये यांतलं हे अंतर लक्षात असू द्या. लेखाच्या शेवटी त्याच्याशीच गाठ पडणार आहे.

दर जुलैत एक प्रश्न निघतोच. सातिवलीवरून तुंगारेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर ओढे दुथडी वाहत असतात, तिकडे कामणच्या बाजूला चिंचोटीचा धबधबा कोसळत असतो आणि डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर फांदी तारेवर पडली की वीज गेलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, ‘एवढं पाणी फुकट चाललंय, यावर वीज का नाही करत?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र धबधब्याकडे बघून देता येत नाही, ते वहीत मांडावं लागतं.

सूत्र एका ओळीचं

जलविद्युतीचं गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. दर सेकंदाला किती घनमीटर पाणी येतं, ते किती मीटर खाली उतरतं, या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला ९.८१ ने गुणायचं. उत्तर किलोवॉटमध्ये मिळतं. ही झाली कागदावरची शक्ती. पाईपातल्या घर्षणात साधारण १० टक्के जाते, लहान टर्बाइन ७५ टक्क्यांच्या आसपास काम करतं, जनित्र ८५ टक्के. ०.९ गुणिले ०.७५ गुणिले ०.८५ म्हणजे ०.५७. म्हणून लहान प्रकल्पात ढोबळ ६० टक्के हाती येतात, असं धरण्याची रीत आहे. या लेखात तीच धरली आहे.

चिंचोटीचा धबधबा सुमारे शंभर फुटांचा, म्हणजे ३० मीटरचा सांगतात. त्यातून सेकंदाला १०० लिटर पाणी पडत असेल, तर ९.८१ × ०.१ × ३० × ०.६ म्हणजे साधारण १८ किलोवॉट. डोळ्यांना आणि कानांना जे प्रचंड वाटतं, ते मीटरवर चोवीस अश्वशक्तीच्या मोटारीएवढं भरतं.

पहिली चूक होते ती उंचीत. तुंगारेश्वराचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर आहे, म्हणून ६६० मीटरची उंची मिळेल असं अनेकांना वाटतं. माथ्यावर पाणी नसतं. ते उतारावरून गोळा होत होत खाली येतं आणि ओढा म्हणावा एवढा प्रवाह होईपर्यंत निम्म्याहून अधिक उंची मागे पडलेली असते. उंची आणि पाणी ही दोन्ही एका जागी भरपूर मिळत नाहीत. वर जावं तर पाणी आटतं, खाली यावं तर उंची सरते.

पाणसळ, फळी आणि वही

ही दोन मापं घ्यायला महागडी यंत्रं लागत नाहीत. गवंडी पाणसळ म्हणून पारदर्शक नळी वापरतात. तिच्या दोन टोकांतली पाण्याची पातळी सारखी असते, एवढ्या आधारावर दोन-दोन मीटरच्या टप्प्यांनी अख्खा उतार मोजता येतो. मोबाइलवर दिसणाऱ्या उंचीत पाच-दहा मीटरचा फरक सहज पडतो. शंभर मीटरच्या उतारात दहा मीटर चुकले, तर प्रकल्पाची दहा टक्के वीज कागदावरच खोटी ठरली.

पाणी मोजायचं तर ओढ्यावर आडवी फळी लावायची आणि तिच्यात काटकोनी, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच करायची. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची पट्टीने मोजली की प्रवाह कळतो. उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सव्वाचार-साडेचार लिटर. २० सेंटिमीटर असेल तर पंचवीसच्या जवळ. ३० सेंटिमीटर असेल तर ६८. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींहून जास्त वाढतं. म्हणून ‘ओढा गुडघाभर होता’ अशा आठवणीवर कुठलंही गणित उभं राहत नाही.

खरी मेहनत त्यापुढे आहे. पट्टी रोज वाचायची आणि वर्षभर वहीत लिहायची. वर्षाअखेरीस ३६५ आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडले की प्रवाहाचा आलेख तयार होतो. किती दिवस किमान किती पाणी होतं, हे त्यावरून कळतं. जलविद्युतीचा निर्णय याच आलेखावर होतो. बारमाही झऱ्याचा आलेख हळूहळू उतरतो. तुंगारेश्वराच्या कुशीतल्या ओढ्यांचा आलेख पावसाळा संपताच कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो.

एका चौरस किलोमीटरचा जमाखर्च

आता एक काल्पनिक, पण इथल्या डोंगराला शोभेल असा ओढा घेऊ. त्याचं पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर आणि वापरता येणारी उंची १०० मीटर. वसईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपण २,००० धरू. त्यातला ४० टक्के मुरला, झाडांनी घेतला, वाफ झाला आणि ६० टक्के ओढ्यात आला. म्हणजे वर्षाचं पाणी १२ लाख घनमीटर, टँकरच्या भाषेत १ लाख २० हजार टँकर.

हे पाणी जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत समसमान वाहिलं असतं, तर सेकंदाला ११४ लिटर मिळाले असते. तसं ते वाहत नाही. एका रात्री १५० मिलिमीटर कोसळतो आणि मग आठवडाभर उघडीप असते. यंत्र जर पुराच्या पाण्यासाठी मोठं घेतलं, तर बहुतेक दिवस ते रिकामं बसेल. म्हणून सेकंदाला ४० लिटरांचं यंत्र घेऊ.

शक्ती: ९.८१ × ०.०४ × १०० × ०.६ = २३.५ किलोवॉट.

१२२ दिवस अखंड चाललं तर सुमारे ६८,८०० युनिट. उघडीप, गाळ आणि जाळीत अडकणारा पाचोळा धरून त्याचे ७० टक्के, म्हणजे सुमारे ४८,००० युनिट. पाईपची निवडही इथे महत्त्वाची ठरते. अर्धा किलोमीटर लांबीचा १६० मिलिमीटर व्यासाचा पाईप घेतला तर शंभरांतले बारा-तेरा मीटर घर्षणातच जातील. २०० मिलिमीटरचा घेतला तर चारच.

यंत्रातून गेलेलं पाणी झालं सुमारे २ लाख ९५ हजार घनमीटर, म्हणजे पावसाळ्यात आलेल्या पाण्याचा पाव हिस्सा. उरलेला पाऊण हिस्सा बंधाऱ्यावरून उड्या मारत पुढे निघून गेला.

दीड गाळा

२३.५ किलोवॉट म्हणजे किती? सातिवली, गोखिवरे, वालीव या पट्ट्यात छोट्या उद्योगांचे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. वीस अश्वशक्तीच्या मोटारी चालवणाऱ्या गाळ्याला सुमारे १५ किलोवॉट लागतात. म्हणजे आपला अख्खा ओढा पावसाळ्यात असा दीड गाळा चालवेल. घरांच्या हिशेबाने, महिन्याला १०० युनिट जाळणारी घरं धरली, तर ४८,००० युनिट वर्षाला ४० घरांना पुरतील. फक्त पावसाळ्यापुरतं म्हटलं तर १२० घरांना. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. त्या शहराच्या तुलनेत हा आकडा कुठेच दिसणार नाही.

देशाच्या तक्त्यातही तो तळाशी आहे. भारतात २५ मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पाला लघु जलविद्युत म्हणतात. त्यात १०० किलोवॉटपर्यंतचा सूक्ष्म आणि २ मेगावॉटपर्यंतचा मिनी. रुडकीच्या आयआयटीने केलेल्या नोंदींनुसार देशात अशा ७,१३३ जागा आणि त्यांची एकत्रित क्षमता सुमारे २१,१३३ मेगावॉट आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला २७० जागा आणि ७८६ मेगावॉट. म्हणजे महाराष्ट्रातली सरासरी जागा २.९ मेगावॉटची. आपला ओढा तिच्या सव्वाशेव्या भागाएवढा.

बिलगावचे ८३ वॉट

मग सूक्ष्म प्रकल्प निरुपयोगी का? नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात, नर्मदेच्या खोऱ्यातल्या बिलगावने याचं उत्तर २००३ मध्ये दिलं होतं. गावकऱ्यांनी श्रमदान करून उदई नदीवर १५ किलोवॉटचा प्रकल्प उभा केला. सुमारे १२ पाड्यांवरच्या १८० कुटुंबांना त्यातून वीज मिळाली. १५,००० भागिले १८०, म्हणजे घरामागे ८३ वॉट. शहरातल्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. पण जिथे तार आलेलीच नव्हती, तिथे ८३ वॉट म्हणजे दोन दिवे आणि रात्री उघडता येणारं पुस्तक. २००४ च्या ‘स्वदेस’ चित्रपटातल्या वीजनिर्मितीच्या प्रसंगामागे बिलगावची प्रेरणा असल्याचं सांगितलं जातं. चित्रपटातलं गाव मात्र वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालं. खऱ्या बिलगावचा प्रकल्प २००६ च्या पुरात, सरदार सरोवराच्या फुगवट्याखाली गेला. लहान धरणाची वीज मोठ्या धरणाच्या पाण्यात बुडाली.

बिलगाव आणि गोखिवरे यांत फरक दोन गोष्टींचा. तिथे पर्याय रॉकेलचा होता, इथे दारात महावितरणची तार आहे. आणि तिथे गावालगत नदी होती, इथे पावसाळी ओढा आहे. सूक्ष्म प्रकल्पाची किंमत तो किती वीज देतो यावर जितकी ठरते, तितकीच तो नसता तर लोकांनी काय केलं असतं यावरही ठरते.

साडेदहा रुपये की साडेतीन?

खर्चाकडे येऊ. किलोवॉटमागे दीड लाख रुपये धरले, तर आपला प्रकल्प सुमारे ३५-३६ लाखांचा. कर्जफेड आणि देखभाल मिळून दरवर्षी भांडवलाच्या १४ टक्के धरले, तर वर्षाचे पाच लाख. ४८,००० युनिटांवर ते वाटले की युनिटला साडेदहा रुपये. तेच यंत्र, तोच पाईप, तोच खर्च, पण ओढा बारमाही असता तर? ७० टक्के वेळ चालून वर्षाला सुमारे १ लाख ४४ हजार युनिट मिळाले असते आणि दर साडेतीन रुपयांवर आला असता.

यंत्रात काहीच बदललं नाही, बदलले ते दिवस. धबधब्याची छायाचित्रं उंचीवर जमतात, वीजबिल दिवसांवर ठरतं.

सौर पॅनेलशी तुलना केल्याशिवाय आज हा हिशेब पुरा होत नाही. या भागात एक किलोवॉट पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. ४८,००० युनिटांसाठी ३४ किलोवॉट पुरेत. किलोवॉटला ५० हजार धरले तर १७ लाख, ओढ्याच्या निम्मे. ते छपरावर बसतात आणि पाचोळा काढायला रात्री जंगलात जावं लागत नाही. ओढ्याच्या बाजूने एकच मुद्दा उरतो, पण तो खरा आहे. जुलैत ढगांनी सौर पॅनेल मलूल होतात आणि नेमका तेव्हाच ओढा भरात असतो. पावसाळ्यात वारंवार अंधारात जाणाऱ्या एखाद्या दूरच्या पाड्यासाठी पाच-दहा किलोवॉटची जोडी, उन्हात पॅनेल आणि पावसात ओढा, विचार करण्यासारखी आहे. तीही अभयारण्याच्या हद्दीबाहेर जागा मिळाली तर. तुंगारेश्वर अभयारण्य २००३ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. त्यात पाईप टाकायचा, बंधारा घालायचा तर वन्यजीव कायद्याच्या परवानग्यांचा डोंगर आधी चढावा लागेल.

साठवलं तर?

‘मग पाणी साठवा आणि आठ महिने वापरा,’ असं कुणी म्हणेल. तोही हिशेब करू. सेकंदाला ४० लिटर, २४३ दिवस. एकूण ८ लाख ४० हजार घनमीटर. सरासरी दहा मीटर खोलीचा तलाव करायचा तर साडेआठ हेक्टर जंगल पाण्याखाली जाईल आणि त्यातून मिळेल तो दीड गाळा. फक्त रात्रीचे सहा तास दिवे लावायचे म्हटलं तरी २ लाख १० हजार घनमीटर साठवावे लागतात. कोरड्या दिवसांतल्या एका दिव्यासाठी पाण्याची ही किंमत कुठलंच गाव मोजणार नाही.

साठा मोठा असला की गणित कसं फिरतं, हे याच जिल्ह्यात दिसतं. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर, आपल्या काल्पनिक तलावाच्या सव्वातीनशे पटींहून अधिक. त्याच्या पायथ्याशी ६ मेगावॉटचं वीजगृह आहे आणि सूर्याच्या उजव्या कालव्यावर आणखी ०.७५ मेगावॉटचं. मुंबईला पाणी देणाऱ्या भातसा धरणावर १५ मेगावॉट, वैतरणेच्या धरणपायथ्याला १.५ मेगावॉट. सिंधुदुर्गात तिलारीच्या परिसरात तेरवण मेढे येथे तर अवघं ०.२ मेगावॉट. मोठं असो की छोटं, या वीजगृहांमध्ये एक साम्य आहे. ती दुसऱ्याच कामासाठी अडवलेल्या पाण्यावर बसवलेली आहेत. धरण सिंचनासाठी, पिण्यासाठी किंवा दुसऱ्या मोठ्या प्रकल्पासाठी बांधलं. पाणी सोडायचंच होतं, तर ते चक्रावरून सोडलं.

नळातला एक मीटर

गोखिवऱ्याच्या नळाला येणारं सूर्याचं पाणी याच वाटेने येतं. धामणीतून सुटतं, खाली कवडासच्या बंधाऱ्यावर उचललं जातं, शुद्ध होतं आणि काशिदकोपरच्या टाकीतून शहरात उतरतं. धरणातून ते पायथ्याच्या वीजगृहामार्गे सुटलेलं असेल, तर तुमच्या बादलीतल्या पाण्याने वाटेत एकदा वीज करून दिलेली असते.

आता शेवटचा आकडा. सूर्या प्रादेशिक योजना दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरांची. त्यातले २१८ मीरा-भाईंदरचे, १८५ वसई-विरारचे. १८५ दशलक्ष लिटर म्हणजे सेकंदाला २,१४० लिटर, पावसाळा असो की मे महिना. या प्रवाहात जिथे दाब मुद्दाम व्हॉल्व्हने मारला जातो, तिथे टर्बाइन बसवून फक्त एक मीटर उंचीएवढा दाब वापरता आला, तर ७० टक्के कार्यक्षमतेने १४.७ किलोवॉट मिळतात. वर्षाला सुमारे १ लाख २९ हजार युनिट. डोंगरावरच्या ओढ्याने शंभर मीटर उतरून दिलेल्या विजेच्या अडीच पटींहून अधिक.

इथे सावध राहायला हवं. हे पाणी वाटेत पंपांनी उचललेलं आहे. त्यातला दाब फुकटचा नाही, तो विजेनेच भरलेला आहे. म्हणून ही निर्मिती नव्हे, वसुली म्हणायची. जिथे दाब ग्राहकापर्यंत पोहोचायला हवा, तिथे टर्बाइन घातलं तर चौथ्या मजल्यावरचा नळ कोरडा पडेल. जिथे दाब जास्त होतो म्हणून तो मारावाच लागतो, तेवढ्याच जागा शोधायच्या. त्या शोधायला जंगलात जावं लागत नाही, पाईपांचा नकाशा आणि दाबमापक पुरतो.

पाणी आधी

आता सुरुवातीच्या टँकरकडे. आपल्या ओढ्यातून यंत्रावर गेलेलं २ लाख ९५ हजार घनमीटर पाणी ४० घरांना वर्षभर वीज देतं. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं माप धरलं, तर तेवढंच पाणी सुमारे ६,००० माणसांना वर्षभर पुरेल. साठवायला दहा मीटर खोलीचा, तीन हेक्टरचा तलाव लागेल. वीज म्हणून त्याची किंमत ४ लाख ८० हजार रुपये. टँकरच्या भाषेत मोजायचं, तर ते साडेएकोणतीस हजार टँकर आहेत आणि त्यातल्या एकेकाची किंमत उन्हाळ्यात हजारांत बोलली जाते.

आणि टर्बाइनमधून गेलेलं पाणी संपत नाही. वीज काढली तरी पाणी पाणीच राहतं. उलटा क्रम मात्र चालत नाही. आधी विजेसाठी धरण आणि मग त्यात पिण्याचं पाणी बघू, असं करायला गेलं की ओढा दीड गाळ्याला पुरतो आणि साडेआठ हेक्टर जंगल जातं. आधी पाण्याची गरज, तिच्यासाठी साठा किंवा पाईप, आणि त्याच्या वाटेवर जिथे दाब उरतो तिथे छोटं चक्र. धामणीत क्रम हाच आहे.

एखाद्या ग्रामपंचायतीला तरीही आपला ओढा तपासायचा असेल, तर खर्च फार नाही. एक पाणसळ, खाच केलेली फळी, पट्टी आणि रोज सकाळी सातला ओढ्यावर जाणारा एक माणूस. अहवाल मागवण्याआधी ही वही वर्षभर भरावी. जानेवारीतल्या पानांवर शून्यं दिसायला लागली की वीजगृहाचा विषय तिथेच मिटेल. पण जुलै-ऑगस्टची पानं फाडू नयेत. गावाला पुढच्या मे महिन्यात टँकर लागेल की नाही, हे त्याच पानांवर लिहिलेलं असतं.